सासूबाईंच्या ४२ साड्या, ११८ ब्लाउजपीस आणि हातात पाच आठवडे

मुलुंडकरीण:

नमस्कार मंडळी. आठ वर्षं नुसती वाचतेय, आज अगदी गळ्याशी आलं म्हणून लिहायला बसले.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, १९८४ची, तळमजला अधिक चार. रिडेव्हलपमेंटचं घोडं सात वर्षं अडलं होतं, ते यंदा एकदाचं गंगेत न्हालं. बिल्डरने जागा रिकामी करायची तारीख दिलीय. सासूबाई म्हणतात आषाढात घर बदलायचं नाही आणि पितृपक्षात तर नावच काढायचं नाही. बिल्डरची तारीख आणि त्यांचं पंचांग यांच्यात श्रावणातली जेमतेम दहा दिवसांची फट सापडलीय. म्हणजे आवरायला पाच आठवडे. भाड्याने मिळालेलं घर वन बीएचके आहे, तीन वर्षांसाठी, आणि त्याला माळा नाही. माळा नाही हे मी नवऱ्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याला ऐकू आलं.

भांडी आणि फर्निचर यांचं माझं ठरलंय. गाडी अडलीय ती कपड्यांवर.

आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) ७९ वर्षांच्या. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, २००४ला निवृत्त झाल्या. त्यांचं लोखंडी कपाट आरशाचं, दार उघडलं की करकरतं आणि डांबरगोळ्यांचा भपकारा येतो. त्यात ४२ साड्या होत्या. 'होत्या' का, ते पुढे येईल. आकडा फार वाटत नाही ना? मलाही नव्हता वाटला. पण प्रत्येक साडीच्या घडीत वहीच्या कागदाची एक चिठ्ठी आहे, निळ्या शाईत, फळ्यावर लिहिल्यासारख्या अक्षरात. मासले देते.

"नारायणपेठ, डाळिंबी. शाळेचा निरोप, २००४. तीनदा नेसले."

"इरकल, काळी. वाईच्या आत्याबाईंनी दिली. धुताना रंग जातो."

"वायल, पिवळी फुले. पहिल्या पगाराची."

आता यातली कुठली टाकू, तुम्हीच सांगा.

हे चिठ्ठ्यांचं मला आधी माहीत नव्हतं. म्हणून मी एक घोळ घातला. एका गुरुवारी आई मठात गेल्या होत्या तेव्हा वरच्या कप्प्यातल्या दोन साड्या काढून आमच्या कामवाल्या ताईंना दिल्या. दोन्ही पातळ, सिंथेटिक, गेल्या वीस वर्षांत आईंच्या अंगावर मी न पाहिलेल्या. सोमवारी ताई त्यातलीच जांभळी नेसून आल्या. आईंनी चष्मा पुसून नीट बघितलं. एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी जेवताना फक्त म्हणाल्या, "तिला छान दिसते." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला आहे.

साड्यांखाली आजेसासूबाईंची चार नऊवारी लुगडी आहेत. सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली, एक-दोन ठिकाणी विरलेली.

आणि ब्लाउजपीस. मोजले, ११८. ओटीतले, हळदीकुंकवातले, डोहाळजेवणातले. त्यातले नव्वद तरी पॉलिस्टरचे, तेही इतके आखूड की त्यांचा ब्लाउज कुणी शिवत नाही आणि शिवला तर अंगात जात नाही. हे पीस शिवायला नसतातच हो, ते चलन आहे. २०१६च्या संक्रांतीला मी एक मोरपंखी पीस दिला होता. त्याच्या कडेला चहाचा थेंब पडला होता आणि घाईत दुसरा सापडेना म्हणून तसाच दिला (पाप!). यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला तो थेंबासकट माझ्या ओटीत परत आला. नऊ वर्षं तो कुणाकुणाच्या घरी राहून आला असेल देव जाणे.

नवऱ्याचं थोडक्यात सांगते. रिसेप्शनचा ब्लेझर, कंपनीच्या वार्षिक दिनाचे अकरा टी-शर्ट, आणि एक खोका भरून वायरी ज्यांचं यंत्र आता घरात नाही. त्याच्याशी मी बघून घेईन.

मला विचारायचंय ते असं. जुन्या जरीच्या साड्यांचं काय करतात, त्या विकायच्या का आणि कुणाला? लुगड्यांचं काय? एवढे पीस कुणी घेतं का? आणि मुख्य म्हणजे कपाटाची किल्ली परत कशी मिळवू?

खवचट_खारीक:

माळा नाही म्हणता, पण दिवाणाला पोट असेलच की. शेवटी सगळं तिथंच जातं. शुभेच्छा.

पेठेतली_काकू:

मुलुंडकरीण, आधी एक सांगते आणि ते गोड लागणार नाही. माणूस घरात धडधाकट असताना त्याचं कपाट त्याच्या पाठीमागे उपसायचं नसतं. तुमचा तो सोमवारचा प्रसंग वाचून मलाच कानकोंडं झालं. किल्ली मिळवायच्या नादाला लागू नका. किल्ली त्यांच्याकडेच राहू दे, तुम्ही स्टूल घेऊन शेजारी बसा.

आता जरीचं. "जुन्या जरीच्या साड्या घेतो" म्हणत जो दारावर येतो तो अंदाजपंचे भाव सांगतो आणि आपण "नाहीतरी पडूनच होती" म्हणून देऊन मोकळ्या होतो. माझ्या थोरल्या जावेने तिच्या सासूचा शालू असाच घालवला. देण्याआधी पदराच्या टोकाचा जरीचा एक धागा उकलून बघा. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचं पाणी. आतला धागा बहुधा लालसर असतो. तार नखाने किंवा सुईने खरवडली आणि पांढरी चांदी दिसली तर ती खरी. तांबूस दिसली तर तार तांब्याची. पापुद्रा प्लास्टिकसारखा सुटून आला तर तो नुसता चकचकाट, त्याला वजनाचे पैसे कुणी देत नाही. खरी निघाली तर ओळखीच्या सराफाकडून तपासून घ्या, मग काय ते ठरवा. पण मी सांगू का, साडी जाळून तिची चांदी काढतात. अंगभर विरली असेल तरच त्या वाटेला जा. नुसती घड्यांवर फाटली असेल तर काठ-पदर सोडवून दुसऱ्या रेशमावर लावून मिळतो.

ज्या ठेवणार त्या तीन वर्षं खोक्यात राहणार, म्हणून हे आत्ताच करा. सुती साड्यांची खळ पूर्ण धुऊन काढा. खळीच्या साडीला कसर लागलीच म्हणून समजा. रेशमी साडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमट हवेत ती आत घामेजते. जुन्या मलमलमध्ये किंवा पांढऱ्या धोतरात गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकवायची नाही, जर काळी पडते. वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवा. आणि दर चार महिन्यांनी घडी बदलायची, रेशीम नेहमी घडीवरच विरतं.

पावसात हे काही करू नका. दोन दिवस कडकडीत ऊन पडेल तेव्हा सावलीत वारा द्या. आषाढात ऊन कुठलं, हे मलाही कळतं.

न्यू_जर्सीकर:

काकूंना अनुमोदन. आई गेल्यावर मी सुट्टीत येऊन तीन आठवड्यांत पुण्याचं घर रिकामं केलं. विमानाच्या २३ किलोंच्या दोन बॅगा, त्यात आईच्या सहा साड्या मावल्या. कुठल्या सहा, हे मी रंगावरून ठरवलं, कारण सांगायला कुणी नव्हतं. त्यातली एक गणपतीत नेसले तेव्हा इथल्या एका काकूंनी विचारलं, ही कुठली हो? मला सांगता आलं नाही. तुमच्याकडे चिठ्ठ्या आहेत. कपडे जाऊ देत, चिठ्ठ्या टाकू नका.

कृष्णाकाठ:

सांगलीहून लिहितोय. साड्यांतलं मला काही कळत नाही, पण कपडे "देऊन टाकण्या"बद्दल दोन गोष्टी सांगतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे पूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मी एका शाळेत मदत वाटायला होतो. राज्यभरातून ट्रक आले, लोकांनी भरभरून दिलं, त्याबद्दल आजही हात जोडतो. पण पोती उघडली की पोटात गोळा यायचा. लग्नातली शेरवानी. उंच टाचेची सँडल, तीही एकाच पायाची. बटणं नसलेले शर्ट. लहान मुलींचे जाळीचे फ्रॉक. घामाचा वास न गेलेल्या बनियनी. एका पोत्यात तर शिवायला टाकलेला, अर्धा उसवलेला ब्लाउज होता, टाचणीसकट. ती टाचणी आमच्या एका पोराच्या हातात घुसली.

ज्यांच्या घरात कमरेएवढा चिखल होता त्या बायांना हवं होतं काय? सुती साडी, परकर, गाऊन, टॉवेल, नवी अंतर्वस्त्रं, पॅड. ते शोधायला चार पोती उपसावी लागायची. पाणी ओसरल्यावर न वापरलेल्या कपड्यांचा ढीग शाळेच्या भिंतीला पडून राहिला, पावसात भिजून कुजला. शेवटी ट्रॅक्टरने उचलला. म्हणजे कुणाच्या तरी कपाटातला कचरा आमच्या कचऱ्यात येऊन पडला, मधे डिझेल जाळून.

म्हणून आता आमच्या घरात नियम आहे. समोरच्याच्या हातात द्यायला लाज वाटेल ते पोत्यात घालायचं नाही. धुतलेलं, बटणं लावलेलं, वर चिठ्ठी: "साड्या ६, परकर ४". चिठ्ठ्या तुमच्या सासूबाईच चांगल्या लिहितील.

संस्थांपैकी मी गूंजला देतो. अंशू गुप्तांनी १९९९मध्ये दिल्लीत सुरू केली, २०१५मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यांचं पटतं ते यासाठी की ते फुकट वाटत नाहीत. गावाने मिळून विहीर, रस्ता, तळं असं काही काम केलं की मोबदला म्हणून कपडे आणि सामान देतात. आणि नेसण्याजोगं न उरलेलं सुती कापड धुऊन, कापून त्याचे पाळीचे पॅड करतात. तेव्हा जुनं सुती कापड क्षुल्लक समजू नका. सिंथेटिकचं एवढं सोनं होत नाही.

वाकळवाली:

लुगडी कुणाला देऊ नका!! मी कराडची, आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. चार लुगडी आणि पाच-सहा सुती साड्या म्हणजे दोन वाकळांचा ऐवज झाला तुमचा.

नऊवारीत आठ मीटरच्या वर कापड असतं, एका लुगड्यात वाकळीची एक बाजू पुरी होऊन वर उरतं. बाहेरच्या दोन्ही बाजूंना लुगडं, आत जुन्या साड्यांचे थर. विरलेला भाग आत जातो, तिथं ठिगळ लावून घ्यायचं. जमिनीवर ताणून अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवायचे, मग कडेपासून धावदोरा घालत घालत आत मध्यापर्यंत यायचं. घाई केली की मधे फुगा येतो, तो मग जन्मभर पाठीला टोचतो. एकटीला महिना लागतो, दोघी बसल्या तर पंधरा दिवस. गप्पा चांगल्या हव्यात.

सिंथेटिक साडी आत घालायची नाही. घसरते, टाके धरत नाही आणि थंडीत गार लागते. पॉलिस्टरचे पीस तर मुळीच नाहीत. त्यांच्या फार तर भाजीच्या पिशव्या शिवा. आमच्या बचत गटाने शिवल्या होत्या, दोन पीस एकावर एक, म्हणजे तीन किलो कांदे पेलतात. नारळ-तांदूळ घालून त्याच पिशवीत ओटी द्यायची, म्हणजे चलनही बंद पडत नाही :)

मुलुंडकरीण:

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचं लागलं, पण बरोबर होतं.

काल स्टूल घेऊन बसले. हात जोडून म्हटलं, आई, चुकले, आता तुम्ही सांगाल तसं. त्यांनी किल्ली लावली, दार उघडलं, आणि मागे वळून विचारलं, "माझ्या बेचाळीस तू मोजल्यास. तुझे कुडते मोजलेस का?"

नव्हते मोजले. मंडळी, ६३ निघाले.

सासूच्या कपाटाबद्दल एवढं लांबलचक लिहिलं आणि स्वतःच्या कपाटाबद्दल एक ओळ नाही, हे तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याबद्दलही आभार. ६३ कुडत्यांपैकी तेरांवर दुकानाचा कागद तसाच लटकतोय. हे सगळे रात्री अकरानंतर फोनवर घेतलेले. नऊ आहेत ते "जरा बारीक झाले की घालीन" या सदरातले, त्यातला सगळ्यात जुना २०१३चा, तेव्हाही तो दंडात रुततच होता. दोन जीन्स अशा की त्यात माझी आता नववीतली लेक मावते आणि ती म्हणते, "ई, कसल्या आहेत." ओढण्या किती ते विचारू नका, त्यांची मूळ कुडत्यांपासून ताटातूट झालीय.

आईंच्या ४२ साड्या सगळ्या नेसलेल्या आहेत, किती वेळा ते लिहून. माझ्या कपाटाला चिठ्ठ्या लावायच्या तर तेरा ठिकाणी "सेल" एवढंच लिहावं लागेल.

आईंनी अट घातलीय. त्या एक काढणार, मी एक काढणार. आजवर चार-चार झाल्यात.

खवचट_खारीक:

मी खारीक असलो तरी हे वाचून उठलो आणि माझे शर्ट मोजून आलो. आकडा सांगणार नाही.

पासबुक_प्रेमी:

जरा उशिरा येतोय. सरकारी बँकेत ३४ वर्षं काउंटरवर काढली, त्या अनुभवावरून एकच विनंती. साडी घराबाहेर जाण्याआधी शेवटच्या घडीपर्यंत उलगडा आणि झटका. त्या पिढीच्या बायकांची तिजोरी साडीच्या घडीतच असायची. पावत्या, सर्टिफिकेटं, नोटा. वारसदार येऊन विचारायचे, "एफडी होती म्हणायची आई, कागद सापडत नाही." मी विचारायचो, साड्या कुणाला दिल्या? मग एकमेकांची तोंडं बघत बसायचे.

कंपनीचे जुने छापील शेअर सापडले तर रद्दी समजू नका. १ एप्रिल २०१९पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकत देता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. वारसाहक्काची गोष्ट वेगळी, त्याला अजून वाट आहे. सलग सात वर्षं लाभांश घेतलेला नसेल तर लाभांश आणि शेअर दोन्ही सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफकडे जातात. बुडत नाहीत. अर्ज करून परत मागता येतात, फक्त चपला झिजतात.

मुलुंडकरीण:

आठवडाभराने येतेय. पासबुक_प्रेमी, तुम्हाला घरी जेवायला बोलवायचंय, नवीन घर झालं की.

तुमचं वाचलं आणि त्याच रात्री उरलेल्या साड्या पलंगावर एकेक उलगडल्या. ती वाईची काळी इरकल आहे ना, तिच्या पदराच्या आतल्या घडीत वर्तमानपत्राचा चौकोन होता आणि त्यात आमच्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. पाच शेअर, प्रत्येकी ५० रुपये, सासऱ्यांचं नाव. मंडळी, हे सर्टिफिकेट आम्ही दोन वर्षांपूर्वी हरवलं म्हणून पोलिसात तक्रार दिली होती, पेपरात जाहिरात छापली होती, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र करून डुप्लिकेट काढलं होतं. तेव्हा आईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "जपून ठेवलंय." कुठे, ते त्यांना आठवत नव्हतं आणि आम्ही साड्यांत बघितलं नव्हतं. आता सोसायटीच्या सेक्रेटरींना काय सांगायचं यावर नवरा आणि मी खल करतोय.

डाळिंबी नारायणपेठेत पाचशेच्या सात जुन्या नोटा. नोव्हेंबर २०१६ला सगळा देश रांगेत उभा होता तेव्हा ह्या इथं निवांत पडून. आई म्हणाल्या, "माझ्या क्रियाकर्माला ठेवल्या होत्या, कुणावर भार नको." मला काही सुचेना. नवरा म्हणाला, आई, आता ते लांबणीवर टाकावं लागेल, नोटा चालत नाहीत. त्या हसल्या. (दहापर्यंत जुन्या नोटा जवळ बाळगायला कायद्याची आडकाठी नाही, हे नवऱ्याने लगेच शोधून वाचून दाखवलं. लेकीने एक अभ्यासाच्या टेबलावर लावलीय.)

आता हिशेब. ४२पैकी दोन मी आधीच घालवल्या होत्या. उरल्या ४०. चौदा त्या ठेवतायत. अकरा त्यांनी स्वतःच्या हाताने दिल्या, आणि ही गंमत बघा, देताना चिठ्ठी त्याच साडीत ठेवून, खाली एक ओळ वाढवून: "पुढे दिली, धाकट्या भाचीस, २०२५." निरोपाची नारायणपेठ नणंदेकडे गेली. ती गेली वीस वर्षं मागत होती, हे मला त्या दिवशी कळलं. सहा सुती साड्या लुगड्यांबरोबर वाकळीला. आईंना धावदोरा येतो म्हणे, भाड्याच्या घरात दुपारी आम्ही दोघी बसणार, जमिनीवर त्यांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून पलंगावर. फुगा आला तर वाकळवालीकडे तक्रार करीन. सात धुऊन, फॉल बघून, यादी करून गूंजला. यादी अर्थात आईंच्या अक्षरात. दोन बोहारणीला.

पहिल्या पगाराची पिवळी वायल कुठे गेली असं विचाराल, तर ती चौदांत आहे. ती जागोजाग विरलीय, नेसता येणार नाही. वाकळीत घालू का म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

हा धागा मी त्यांना रोज वाचून दाखवते. पेठेतल्या काकूंना त्यांचा निरोप: वेखंड बरोबर, पण सोबत चार लवंगाही घालाव्यात.

माझे कुडते ६३चे २९ झाले. कागद लटकणारे तेराच्या तेरा बहिणींत आणि ऑफिसात गेले, एका दिवसात. ब्लाउजपीसच्या पिशव्या शिवायला कॉलनीतल्या एका शिवणवाल्या बाईंना सांगितलंय. मोरपंखी पीस मात्र मी बाजूला काढून ठेवलाय, त्याला आता पेन्शन.

आणखी एक राहिलंच. परवा कामवाल्या ताईंनी ब्लाउजमधून काढून एक घडी घातलेला कागद दिला. "ताई, त्या जांभळ्या साडीत होता, कामाचा असेल म्हणून ठेवला, द्यायचा राहून गेला." निळी शाई.

"गार्डन, जांभळी. ह्यांनी आणली, १९८३. रंग आवडला नाही, सांगितले नाही. दोनदा नेसले."

मी तो कागद आईंना नेऊन दिला आणि पुन्हा माफी मागितली. सासऱ्यांनी आणलेली साडी मी अशी परस्पर देऊन बसले होते. त्यांनी चष्मा लावून स्वतःचंच अक्षर वाचलं. म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं मला ती काढता येईना. नेसवेना आणि देववेना. तू एका गुरुवारी काढलीस." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण विचारायला हवं होतंस."

बोहारीण उद्या अकराला येणार आहे. आमच्या भागात आता ती एकच उरलीय. साड्या दोन, नवऱ्याच्या पँटी चार, ब्लेझर, माझ्या दोन्ही जीन्स. कुडत्यांना ती हातही लावत नाही म्हणाली, जीन्स असतील तर बोला. मोठं पातेलं दाखवतेय, झाकणाचं वेगळं म्हणते. आईंनी सांगितलंय, तू मधे बोलू नकोस, भाव मी करणार.